बडोद्यात परवडणारा बाहेरचा फ्लॅश घेताना

भाद्रपदात गणपती, आश्विनात गरबा, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आणि माघापासून मुंजी. बडोद्यातल्या मराठी घरात ज्याच्या हातात कॅमेरा असतो त्याला या दिवसांत कोणी ना कोणी हाक मारतंच. यातलं बरंचसं रात्री किंवा छपराखाली घडतं. तिथे कॅमेऱ्यावरचा छोटा उघडणारा फ्लॅश तीन-चार मीटरपुढे फारसा उपयोगी पडत नाही, आणि जवळून मारला तर चेहरे पांढरेफटक आणि मागे भिंतीवर काळी सावली.

कॅमेरा कंपनीचा, कॅमेऱ्यावर वेगळा बसवायचा चांगला फ्लॅश सहज वीस हजारांच्या पुढे जातो. गोडॉक्स, योंगनुओ, डिजिटेक, सिम्पेक्स अशा इतर कंपन्यांचे फ्लॅश त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत मिळतात. घरगुती कार्यक्रमच काय, छोट्या व्यावसायिक कामालाही ते पुरतात. पण ही निवड करताना नवा माणूस हमखास गोंधळतो, कारण खोक्यावर जे मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं त्याचा आपल्या कामाशी फारसा संबंध नसतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: फ्लॅशची निवड आपल्या कॅमेऱ्याच्या शूवरून (फ्लॅश बसवायची खाच) आणि आपण फोटो काढतो त्या खोलीच्या छतावरून करावी. किंमत आणि कंपनी त्यानंतर.

दुकानात जाताना एवढं सोबत ठेवा:

- कॅमेरा, चार्ज केलेली बॅटरी आणि कार्ड
- नेहमी वापरता ती लेन्स
- कॅमेऱ्याचं मॅन्युअल, मोबाइलवर पीडीएफ असलं तरी चालेल
- चार चार्ज केलेले एए सेल (दुकानातले सेल अर्धे उतरलेले असू शकतात, त्यावर फ्लॅशची परीक्षा करू नये)
- व्यवसायासाठी घेत असाल तर जीएसटी क्रमांक

१. आधी कॅमेऱ्याचा हॉट शू बघा

कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश सरकवायची जी खाच असते तिला हॉट शू म्हणतात. तिच्यात मधोमध एक मोठा गोल धातूचा ठिपका असतो आणि आजूबाजूला काही बारीक ठिपके. फ्लॅशला ‘पेट’ असं सांगण्याचं काम मधला ठिपका करतो. बारीक ठिपके कंपनीच्या खास भाषेत बोलतात: किती प्रकाश हवा, लेन्स किती मिलिमीटरची आहे, वगैरे.

आता खाच उजेडात धरून मधला ठिपका आहे ना ते बघा. कॅननच्या ३०००डी आणि २००डी मार्क २ या बॉडींना तो नाहीच, आणि १५००डी च्याही काही बॉडींत तो दिलेला नाही. अशा कॅमेऱ्यावर साधा मॅन्युअल फ्लॅश (ताकद आपण हाताने ठरवतो तो) कितीही चांगला असला तरी पेटणार नाही. हे तीनही कॅमेरे नवशिक्यांच्या हातात भरपूर दिसतात, म्हणून ही गोष्ट पहिली लिहिली. या कॅमेऱ्यांना कॅननसाठीचाच टीटीएल फ्लॅश (ताकद कॅमेरा स्वतः ठरवतो तो) लागतो, आणि तोही तुमच्या मॉडेलवर चालतो असं फ्लॅश बनवणाऱ्याच्या यादीत लिहिलेलं असेल तरच घ्या.

कॅननच्या आर५० चा शू वेगळ्या बांधणीचा आहे. जुन्या पद्धतीचा फ्लॅश बसवायचा तर कॅननचा एडी-ई१ हा अडॅप्टर लागतो, म्हणजे तो खर्च हिशेबात धरा. सोनीने २०१२ पासून मल्टी इंटरफेस शू आणला, त्यात बारीक पिना पुढच्या कडेला आत असतात. फ्लॅश तिरका घुसवला तर त्या वाकतात. सोनीवाल्यांनी फ्लॅश घाईत कधीच बसवू नये.

टीटीएल फ्लॅश घेताना नावातलं शेवटचं अक्षर बघायला विसरू नका. गोडॉक्समध्ये ‘सी’ म्हणजे कॅनन, ‘एन’ निकॉन, ‘एस’ सोनी, ‘एफ’ फुजी, ‘ओ’ ऑलिम्पस आणि पॅनासॉनिक. खोकं बाहेरून सारखंच दिसतं. ऑनलाइन मागवताना चुकीचं अक्षर निवडलं जाणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. आणि ‘युनिव्हर्सल’ असं लिहिलेलं दिसलं की समजा, तो फ्लॅश फक्त मधल्या ठिपक्यावर चालतो.

२. फोटो कुठे काढणार ते ठरवा

फ्लॅशची खरी गंमत समोरच्या माणसाच्या तोंडावर प्रकाश मारण्यात नाही. फ्लॅशचं हेड वर किंवा बाजूला फिरवून छतावर किंवा भिंतीवर प्रकाश मारायचा आणि तिथून तो पसरून, मऊ होऊन खाली येऊ द्यायचा, याला बाउन्स म्हणतात. म्हणून छताकडे बघायची सवय लावून घ्या.

आजच्या फ्लॅटमध्ये छत पांढरं आणि साधारण दहा फुटांवर असतं. तिथे कुठलाही बरा फ्लॅश उत्तम चालतो. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत आणि वाड्यांत मात्र लाकडी तुळया आणि फळ्यांचं छत असतं. गडद लाकूड बराचसा प्रकाश पिऊन टाकतं आणि जो परत येतो तो तांबूस होऊन येतो. पाहुण्यांचे चेहरे हळद लागल्यासारखे दिसू लागतात. अशा घरात छताचा नाद सोडा, मागची किंवा बाजूची पांढरी भिंत शोधा आणि हेड तिकडे वळवा. भिंत पोपटी किंवा निळी असेल तर तोही रंग चेहऱ्यावर येणार. एखाद्याला पांढरी चादर धरून उभं केलं तरी काम होतं.

मंगल कार्यालयात छत वीस फुटांवर. तिथे बाउन्स जमतो, पण ताकद लागते, तो हिशेब पुढे चौथ्या मुद्द्यात देतो.

गरब्याच्या मैदानावर छतच नाही. तिथे थेट फ्लॅश मारावा लागतो, पण कमी ताकदीने, आणि मैदानावरचे दिवे फोटोत राहतील अशा बेताने. सुरुवातीला एफ/५.६, आयएसओ ८००, शटर १/३० आणि फ्लॅश १/१६ ताकदीवर ठेवून बघा. चार-साडेचार मीटरवरच्या माणसाला एवढा प्रकाश बरोबर पुरतो. फ्लॅश चेहरा आणि टाळी गोठवतो, मंद शटरमुळे चणिया-चोळीच्या घेराला हललेली रेघ येते आणि मागचे दिवेही दिसतात. ताकद कमी असल्याने फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो. ही हललेली रेघ माणसाच्या मागे यावी म्हणून ‘रिअर कर्टन’ नावाची सोय वापरतात. कॅननवर फक्त मधल्या ठिपक्यावर चालणाऱ्या फ्लॅशला ती सोय मिळत नाही, टीटीएल फ्लॅश लागतो. गरबा हेच तुमचं मुख्य काम असेल तर हा मुद्दा निर्णायक आहे. खेळणाऱ्यांच्या डोळ्यांवर अगदी जवळून फ्लॅश मारू नका, फेरा घेताना पाय चुकतो. ओळखीचं नसेल त्याला आधी विचारा.

काही जागी फ्लॅश बंदच ठेवायचा. कीर्ति मंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं, तांबेकर वाड्यातली जुनी चित्रं, कमाटीबागेतलं संग्रहालय, अशा ठिकाणी आयएसओ वाढवून काम करा. तसंही चित्रावर थेट फ्लॅश मारला तर मधोमध पांढरा डाग येण्यापलीकडे हाती काही लागत नाही. वरातीतल्या घोड्याच्या डोळ्यांवर आणि तान्ह्या बाळावरही थेट फ्लॅश नको.

३. टीटीएल की मॅन्युअल

टीटीएल फ्लॅश खऱ्या फोटोआधी क्षणभर एक बारीक चमक सोडतो, कॅमेरा लेन्समधून ती मोजतो आणि किती प्रकाश लागेल ते स्वतः ठरवतो. मॅन्युअलमध्ये पूर्ण, १/२, १/४ असं १/१२८ पर्यंत तुम्ही ठरवता.

लग्न-मुंजीत अंतर सारखं बदलतं. आत्ता मामा मुलाला घेऊन समोर उभे, पुढच्या क्षणी तुम्ही खुर्चीवर चढून सगळ्या मांडवाचा फोटो घेताय. तिथे टीटीएल. वस्तू किंवा माणूस एका जागी स्थिर असेल, म्हणजे मखरातला गणपती, रांगोळी, फराळाची ताटं, घरगुती धंद्याच्या वस्तूंचे फोटो, तर मॅन्युअल. फाइन आर्ट्सच्या मुलांना आपल्या चित्रांचे फोटो काढायचे असतात. त्यांच्यासाठी एका टीटीएल फ्लॅशच्या पैशांत दोन मॅन्युअल फ्लॅश घेणं केव्हाही शहाणपणाचं. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत लावले की सगळ्या कॅनव्हासवर सारखा प्रकाश पडतो आणि चकाकी लेन्समध्ये येत नाही.

टीटीएल फ्लॅशवर मॅन्युअलही करता येतं. उलट होत नाही. एकच फ्लॅश घ्यायचा आणि कामं मिश्र असतील तर थोडे पैसे साठवा, पण टीटीएलच घ्या.

टीटीएल फसतं कुठे तेही माहीत असावं. फोटोत पांढरा रंग भरपूर असेल, नवरदेवाचा पांढरा सदरा, पांढरं उपरणं, मागे पांढरा पडदा, तर कॅमेऱ्याला वाटतं प्रकाश जास्त झाला आणि तो फ्लॅश कमी करतो. फोटो मळकट येतो. फ्लॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे टीटीएलने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करायची सोय, +१ च्या आसपास न्या. काळ्या कपड्यांत उलट, थोडं उणे करा.

४. गाइड नंबर कसा वाचायचा

खोक्यावर ‘जीएन ६०’ असं ठळक लिहिलेलं असतं. गाइड नंबर म्हणजे अंतर गुणिले एफ-नंबर, आयएसओ १०० वर, मीटरमध्ये. हिशेब सोपा आहे, पण तो आकडा हेड २०० मिमीला झूम केलेलं असताना मोजलेला असतो. तेव्हा प्रकाश अगदी अरुंद झोतात जातो. तुम्ही लग्नात ३५ मिमीच्या आसपास काम करता, तिथे त्याच फ्लॅशचा आकडा साधारण ३६ उरतो. काही कंपन्या १०५ मिमीला मोजून ५८ लिहितात, तो फ्लॅश ६० वाल्यापेक्षा कमी नसतो. दोन फ्लॅशची तुलना करायची तर दोन्हींचा एकाच मिलिमीटरचा आकडा बघा. फ्लॅशसोबतच्या माहितीपुस्तिकेत त्याचा तक्ता असतो.

३६ धरून चला. एफ/४ ला थेट फ्लॅश ३६ भागिले ४, म्हणजे ९ मीटरपर्यंत पोचतो. आयएसओ चौपट केला, १०० चा ४०० केला, की अंतर दुप्पट: १८ मीटर. थेट प्रकाशाला ताकदीची चणचण कधीच नसते.

बाउन्समध्ये असते. मंगल कार्यालयाचं वीस फुटी छत घ्या. प्रकाश वर जाऊन खाली येईपर्यंत नऊ-दहा मीटर चालतो, आणि छतावर आपटताना चार भागांतले तीन भाग विखरून जातात असं धरायचं. आयएसओ ८०० वर गाइड नंबर होतो सुमारे १०२, बाउन्समुळे प्रकाश पाव उरतो म्हणून तो निम्मा, ५१. भागिले १० मीटर केलं की उत्तर येतं एफ/५. म्हणजे एफ/४ वर फ्लॅश जवळजवळ पूर्ण ताकदीने मारावा लागणार.

मंगलाष्टकं संपत आली आहेत, ‘शुभमंगल सावधान’ होतं, अंतरपाट खाली येतो. तो क्षण एक सेकंदाचा. तुम्ही आदल्याच कडव्याला पूर्ण ताकदीने फ्लॅश मारलेला असेल तर चार एए सेलवरचा फ्लॅश पुन्हा भरायला अडीच-तीन सेकंद घेतो, सेल उतरलेले असतील तर त्याहून जास्त. फ्लॅश तयार झाल्याचा दिवा लागेपर्यंत अंतरपाट गेलेला असतो. म्हणून अशा जागी आयएसओ १६०० करा, लेन्स उघडत असेल तर एफ/२.८ वर या. फ्लॅशला मग पाव-अर्ध्या ताकदीचंच काम उरतं आणि तो लागोपाठ दोन-तीनदा पेटतो. आजच्या कॅमेऱ्यांत १६०० चे दाणे छापील अल्बममध्ये कुणाला दिसत नाहीत. आणि फ्लॅशची चमक इतक्या कमी वेळाची असते की हवेतल्या अक्षतांचा दाणा न् दाणा वेगळा दिसतो, नवरीच्या मुंडावळ्यांवर अडकलेला सुद्धा.

खोक्यावरच जीएन ३३ किंवा ३६ लिहिलेले छोटे फ्लॅश स्वस्त आणि हलके असतात. घरातल्या दहा फुटी छताला पुरतात. मंगल कार्यालयासाठी घेऊ नका.

५. हेड दोन्हीकडे फिरलं पाहिजे

यावर तडजोड नको. काही स्वस्त फ्लॅशचं हेड फक्त वर होतं, बाजूला वळत नाही. कॅमेरा आडवा असताना ठीक. उभा फोटो घ्यायला कॅमेरा वळवला की हेड भिंतीकडे बघतं आणि छत हातचं जातं. मुंजीत मातृभोजनाला आई आणि बटूचा उभा फोटो घ्यायचाच असतो. होमाजवळ तर थेट फ्लॅश मारूच नका, धूर पुढे पांढरा ढग होऊन चमकतो आणि मागची माणसं गायब होतात. बाजूने बाउन्स केला की धुराला सुंदर खोली येते.

मखरातल्या गणपतीचंही तसंच. मुकुटावरच्या सोनेरी रंगावर थेट फ्लॅश मारला की पांढरे ठिपके उठतात आणि सोंडेवरची नक्षी सपाट होते. हेड डाव्या किंवा उजव्या भिंतीकडे वळवा. आरतीच्या वेळी फ्लॅश अगदी कमी, १/३२ वगैरे, शटर १/६० आणि हेडवर नारिंगी जिलेटिनचा तुकडा, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश निरांजनाच्या रंगाच्या जवळ येतो आणि ज्योत ज्योतीसारखी दिसते.

हेडवर बसवायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टोपीवर फार भरवसा ठेवू नका. खोलीत ती प्रकाश चहूकडे उधळते म्हणून थोडा फायदा होतो. मैदानावर उधळलेला प्रकाश परत यायला काही नसतं, फक्त सेल लवकर संपतात.

६. सेल, ज्यावर कुणी खर्च करत नाही

दुकानात फ्लॅशसोबत चार साधे अल्कलाइन सेल हातात देतात. ते फ्लॅशला लागणारा मोठा प्रवाह पटकन देऊ शकत नाहीत. पहिले काही फोटो ठीक जातात आणि मग प्रत्येक फोटोनंतर थांबून राहावं लागतं. निकेल-मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घ्या. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून कमी ताकदीचे वाटतात, पण फ्लॅशमध्ये तेच जोमाने चालतात. पॅनासॉनिकचे एनेलूप किंवा तसेच, नुसते ठेवले तरी फार न उतरणारे, २००० एमएएचच्या आसपासचे घ्या. एए आकारात २८०० च्या वर कोणी लिहिलं असेल, ४६०० वगैरे, तर तो आकडा खोटा आहे, तिथून काहीच घेऊ नका.

चार-चारचे दोन संच घ्या आणि मार्करने त्यांच्यावर ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. एका संचातला सेल दुसऱ्यात कधी मिसळू नका. एक थकलेला सेल बाकी तिघांनाही मागे ओढतो. चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासून भरणारा असावा. जोडीजोडीने भरणारे स्वस्त चार्जर चांगल्या सेलची वाट लावतात.

गोडॉक्सच्या व्ही८६०-३ आणि व्ही१ सारख्या फ्लॅशमध्ये लिथियमची बॅटरी असते. पूर्ण ताकदीनंतर दीड सेकंदात तयार, एका चार्जमध्ये पूर्ण ताकदीच्या सुमारे ४८० चमका. लग्नाची कामं पैसे घेऊन करणार असाल तर हाच वर्ग बघा. पण बॅटरी त्या फ्लॅशचीच लागते, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

७. हायस्पीड सिंक तुम्हाला लागतं का

नेहमीचा फ्लॅश एका ठरावीक शटरवेगापर्यंतच चालतो. साध्या कॅनन आणि निकॉनवर १/२००, सोनीच्या ए६००० मालिकेत १/१६०. त्यापुढे गेलात तर फोटोत काळा पट्टा येतो. हायस्पीड सिंकने ही मर्यादा ओलांडता येते, पण फ्लॅशची ताकद खूप घटते.

रात्रीच्या कार्यक्रमांना याची गरज नाही. भर दुपारी कमाटीबागेत एफ/२.८ वर जोडप्याचे फोटो काढायचे असतील तर आहे, कारण त्या उन्हात आयएसओ १०० ला शटर १/३२०० च्या आसपास जातं. निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० मध्ये ही सोय कॅमेऱ्यातच नाही. त्यांच्यासाठी हायस्पीड सिंकवर जादा पैसे घालवू नका. गोडॉक्सचा टीटी६०० हा हायस्पीड सिंक करतो असं लिहिलेलं असतं ते खरं आहे, मात्र तो कॅमेऱ्यावरून उतरवून रेडिओ ट्रिगरने (कॅमेऱ्यावर बसवून दूरचा फ्लॅश पेटवणारं उपकरण) चालवला तरच.

८. पैशांचा हिशेब

भाव वरखाली होत राहतात, म्हणून अंदाजच देतो. टीटी६०० सारखा दमदार मॅन्युअल फ्लॅश पाच-सात हजारांत, टीटी६८५-२ सारखा टीटीएल दहा-बारा हजारांच्या घरात, लिथियमवाले पंधरा हजारांच्या पुढे. यात सेल आणि चार्जरचे अडीच-तीन हजार वेगळे धरा. नसतील तेवढे पैसे तर खालच्या वर्गातला फ्लॅश घ्या, पण सेल चांगलेच घ्या.

पुढे फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून वापरायची इच्छा होणार आहे, ती सगळ्यांनाच होते. म्हणून आतच रेडिओ असलेला फ्लॅश निवडा आणि एकाच कंपनीच्या घराण्यात राहा. एका ट्रिगरवर सगळे फ्लॅश चालतात. ट्रिगर तुमच्या कॅमेऱ्याच्या अक्षराचा हवा, फ्लॅश कुठल्याही अक्षराचा चालतो.

९. दुकानात काय तपासायचं

फ्लॅश पूर्ण आत सरकवा, कुलूप लावा. हलता कामा नये. कॅमेरा एम मोडवर, आयएसओ ४००, एफ/४, शटर १/१२५. मिररलेस असेल तर आधी दोन गोष्टी बघा: सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, नाहीतर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश पेटतच नाही आणि तुम्ही चांगला फ्लॅश नादुरुस्त समजून परत कराल. आणि व्ह्यूफाइंडर काळा दिसत असेल तर एक्स्पोजर प्रिव्ह्यू बंद करा.

मग छताकडे हेड करून दुकानातल्या माणसाचा फोटो घ्या. टीटीएल असेल तर एकदा जवळून, एकदा लांबून. दोन्हींत चेहऱ्याचा उजेड जवळपास सारखा यायला हवा. मॅन्युअल असेल तर ताकद एकेक पायरी खाली आणत फोटो घ्या, प्रत्येक फोटो थोडा थोडा गडद व्हायला हवा. नंतर पांढऱ्या भिंतीवर १/२०० ला (सोनीच्या ए६००० मालिकेत १/१६० ला) एक फोटो, काळा पट्टा कुठे दिसतो का बघायला. पूर्ण ताकदीवर लागोपाठ काही चमका मारून पुन्हा भरायला किती वेळ लागतो ते बघा. सेलच्या कप्प्याचं झाकण उघडझाप करा, स्वस्त फ्लॅशमध्ये पहिलं तुटतं ते झाकणच.

यूएसबीचं भोक आहे का तेही बघून घ्या. इतर कंपन्यांचे फ्लॅश कॅमेऱ्याची भाषा आपल्या परीने शिकलेले असतात. नवा कॅमेरा बाजारात आला की त्यांना नवं फर्मवेअर (फ्लॅशच्या आतलं सॉफ्टवेअर) लागतं, ते कॉम्प्युटरला जोडून यातूनच भरतात. पुढे बॉडी बदलायचा विचार असेल तर याचं मोल कळेल.

१०. बिल

‘पाकुं बिल आपजो’ (पक्कं बिल द्या) हे स्पष्ट सांगा. बिलावर दुकानाचा जीएसटी क्रमांक, मॉडेलचं अक्षरासकट पूर्ण नाव आणि सीरियल नंबर हवा, वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख हवी. बिलाशिवाय हजार-दीड हजार कमी सांगतात. दुरुस्तीची वेळ आली तर भारतातला वितरक असा माल हातात घेत नाही. दुकानदार वॉरंटी नाकारू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, त्यालाही बिल लागतंच.

११. जुना किंवा घरातला फ्लॅश

योंगनुओचा वायएन५६०-४ सारखा मॅन्युअल फ्लॅश सेकंडहँड चांगला मिळाला तर जरूर घ्या. सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी भुकटी, पुढच्या काचेवर पिवळे-तपकिरी डाग आणि डगमगणारा पाय, यातलं एकही दिसलं तर सोडून द्या.

काकांच्या कपाटातला फिल्म कॅमेऱ्याच्या जमान्यातला फ्लॅश मात्र मोजल्याशिवाय डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यातले काही, उदाहरणार्थ व्हिविटार २८३ चे सुरुवातीचे नमुने, शूच्या ठिपक्यावर दोनशेहून जास्त व्होल्ट देतात. काही कॅमेरे फक्त ६ व्होल्ट सहन करतात, त्यांचं सर्किट जळू शकतं. मर्यादा कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. फ्लॅश मात्र घरी उघडू नका. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असतात आणि तो झटका जीवघेणा ठरू शकतो.

१२. घरी आणल्यावर

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा खोकं उघडू नका. आठवडाभर आधी घरातल्या माणसांवर सराव करा. फ्लॅश छताकडे ठेवा, कॅमेरा एम मोडवर, एफ/४, शटर १/१२५, आणि फक्त आयएसओ बदलत जा: ४००, ८००, १६००. मागची खोली किती उजळते आणि चेहरा कसा राहतो ते समजतं. मग शटर १/६० आणि १/३० करून बघा. मागचा उजेड शटरने बदलतो आणि चेहऱ्याचा फ्लॅशने, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं सगळं भराभर जमतं.

काम संपलं की सेल बाहेर काढा. बडोद्याच्या पावसाळ्यात सेल आत राहिले की पत्र्याला गंज धरतो. फ्लॅश सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. वापर नसला तरी महिन्यातून एकदा सेल घालून पूर्ण ताकदीच्या पाच-सहा चमका मारा, मध्ये थोडा थोडा वेळ सोडून, म्हणजे कपॅसिटर निकामी होत नाही.